गोळाभात: गोळे फुटू नयेत म्हणून

भाऊ, बारीक बेसन नको. त्याचे गोळे गच्च होतात. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडाच घ्या. १ वाटी भरड्याला २ चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, हळद, ओवा, मीठ, मूठभर सांभार (म्हणजे कोथिंबीर). पाणी फक्त शिंपडायचं. पातळ भिजवलं की गोळा फुटलाच समजा.

२ वाट्या तांदूळ जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात) शिजायला ठेवा. वरचं पाणी दिसेनासं झालं पण भात अजून ओलसर आहे, तेव्हाच लिंबाएवढे गोळे भातात दडवा. आधी टाकले तर विरघळतात, उशिरा टाकले तर आतून कच्चे राहतात. झाकण ठेवून २० मिनिटं निखाऱ्यावर. मधे ढवळायचं नाही म्हणजे नाही.

ताटात गोळा कुस्करून वर हिंग-लाल मिरचीचं गरम तेल घ्या. तेलात कंजुषी केली तर घास घशात अडकतो.