गाडीवर जीव असेल तर कर वाचायला शिक

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. राग समजतो. जुनी गाडी शहराच्या आतल्या भागात नेली की वेगळे पैसे, वार्षिक कर वाढता, आणि हवी तशी हलकी, चपळ नवी गाडी घ्यावी म्हटलं तर कंपन्यांनी ती बनवणंच सोडून दिलेलं. पण त्यावरून तू जो निष्कर्ष काढलास, की पर्यावरणाच्या नावाखाली सरकारं गाडीवेड्यांच्या मुळावर उठली आहेत, तो मला पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो.

तू ज्या गाड्यांवर जीव टाकतोस, त्यांतल्या कित्येक करानेच घडवल्या आहेत. ब्रिटनचंच बघ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे गाडीवर हॉर्सपॉवरप्रमाणे कर होता, आणि ती हॉर्सपॉवर इंजिन चालवून मोजत नसत, सूत्रातून काढत. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि 2.5 ने भागायचं. पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, याचा त्यात पत्ताच नाही! मग इंजिनिअरांनी बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अरुंद ठेवला आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा पल्ला, लांबवला. घनक्षमता हवी तेवढी मिळाली, कर मात्र कमी. त्या काळातलं एखादं इंजिन उघडलेलं बघायला मिळालं तर थांबून बघ. सिलिंडर उंच आणि चिंचोळे, वर व्हॉल्व्हना जेमतेम जागा, पिस्टनला लांबचा पल्ला. असं इंजिन जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे, सोसत नाही, पण कमी आरपीएमला ओढ चांगली देतं. जुन्या इंग्लिश गाडीचा स्वभाव म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यातला बराचसा या सूत्राने दिलेला आहे. 1948 मध्ये ही करपद्धत गेली आणि पुढच्या इंजिनांचे बोअर रुंदावत गेले.

इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनांना जबर कर होता, म्हणून फेरारीने 208 ही दोन लिटरच्या आतली आठ सिलिंडरची व्ही-8 गाडी काढली. ताकद कमी पडली तेव्हा 1982 मध्ये तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवला. जपानच्या 660 सीसीच्या केई, म्हणजे कमी कराच्या छोट्या गाड्या आणि भारतातल्या चार मीटरच्या आत बसवलेल्या सेदान याही करानेच जन्माला घातल्या. म्हणून म्हणतो, गाडीला जेवढा वेळ देतोस, त्यातला थोडा कायद्यालाही दे. वायरिंगचा नकाशा जितक्या बारकाईने वाचतोस, तितक्याच बारकाईने कराचा तक्ता वाच.

वाचताना पहिला प्रश्न हा, की हा कर नेमका कशावर आहे? गाडी घेण्यावर, बाळगण्यावर, चालवण्यावर, की ठराविक जागी नेण्यावर? पुष्कळ लोक हे सगळं एकाच पोत्यात भरतात आणि मग भलत्याच माणसाशी भांडत बसतात. तारखांकडेही लक्ष ठेव. ब्रिटनमध्ये 2001 पासून वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला. त्यात किलोमीटरला 225 ग्रॅमच्या वरच्या ज्या गाड्या 23 मार्च 2006 च्या आधी नोंदल्या गेल्या, त्या कराच्या सर्वांत वरच्या दोन टप्प्यांतून वाचल्या. मॉडेल तेच, इंजिन तेच, नोंदणीत थोड्या दिवसांचा फरक, आणि दर वर्षीच्या करात मोठी तफावत. तिथले जाणकार जुनी गाडी घेताना रंगाआधी ही तारीख बघतात.

आता माझं मत सांगतो. तुझ्या मित्रमंडळींना ते आवडणार नाही. गाडीवेड्याने इंधनावरच्या कार्बन कराच्या बाजूने उभं राहावं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंजिन कुठलंही असो, चालवणारा कोणीही असो, यात सूट नाही. समजा तुझी जुनी गाडी लिटरला 10 किलोमीटर देते आणि वर्षाला 2,000 किलोमीटर धावते. म्हणजे 200 लिटर, 460 किलो. शेजारची नवी, कागदावर सोज्वळ गाडी लिटरला 20 देते, पण रोजच्या ये-जा करण्यात वर्षाला 15,000 किलोमीटर जाते. म्हणजे 750 लिटर, पावणेदोन टनांच्या आसपास. आणि ग्रॅमवर बेतलेला वार्षिक कर जास्त कोणाला? तुला. गाडी बाळगण्यावरच्या करात असं सुक्याबरोबर ओलंही जळतं. इंधनावरचा कर मात्र जेवढा धूर तेवढे पैसे घेतो. स्वीडनने तो 1991 मध्येच लावला. जिथे बस नाही, गाडीवाचून गत्यंतर नाही, तिथल्या माणसाला तो जाचतो, हे खरं आहे. म्हणून जमा झालेला पैसा लोकांकडे परत जायला हवा. ही मागणीही आपणच करावी.

पण हा हिशोब घेऊन स्वच्छ हवेच्या क्षेत्रांशी, म्हणजे जास्त धूर सोडणारी गाडी आत नेली की पैसे पडतात अशा शहरी भागांशी, भांडायला जाऊ नकोस. तो विषयच निराळा आहे. लंडनचं असं क्षेत्र, यूलेझ, 2019 मध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट 2023 मध्ये साऱ्या शहरभर पसरलं, ते मुख्यतः नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी आणि सूक्ष्म धूलिकणांसाठी. म्हणजे फुटपाथवरून चालणाऱ्या पोराच्या फुप्फुसांसाठी. कार्ब्युरेटरची गाडी सकाळी थंड असताना सुरू होते तेव्हा मागे उभा राहून बघ. चोक ओढलेला, हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त, आणि नाकाला झोंबतो तो बराचसा न जळलेल्या पेट्रोलचा वास. तिला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर नाही. ज्या गाडीला आहे, तिचाही तो साधारण 250 ते 300 अंश तापेपर्यंत नीट काम करत नाही. तो वास आपल्याला प्रिय आहे, पण तो दुसऱ्याच्या खिडकीत शिरतो. 'माझी गाडी वर्षातून थोडीच धावते' हा युक्तिवाद हवामानापुरता बरोबर आहे. गजबजलेल्या गल्लीत तो टिकत नाही. तिथे सूट मागायची ती जुन्या ठेव्यासाठी, आणि ती मिळतेही. लंडनमध्ये 40 वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक म्हणून नोंदलेली गाडी यूलेझमधून वगळली आहे. जर्मनीत 30 वर्षं झालेल्या, मूळ रूप जपलेल्या गाडीला नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं, वार्षिक कर सरसकट 191 युरो होतो आणि पर्यावरण क्षेत्रांत शिरता येतं.

'मूळ रूप' हे शब्द नीट ध्यानात घे. इंजिन बदलायचं, सस्पेन्शन कापायचं, असे बेत तू लिहिले आहेस. करण्याआधी तुझ्या इथल्या नियमात किती बदल चालतो ते बघ, आणि काढलेला प्रत्येक भाग, प्रत्येक पावती जपून ठेव. गाडी तिशी-चाळिशीला पोचेल तेव्हा ते कागद उपयोगी पडतील.

नव्या गाड्यांबद्दलचा तुझा सल मात्र रास्त आहे. युरोपने कंपन्यांना 2020-21 साठी नव्या गाड्यांमागे सरासरी 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटरचं लक्ष्य दिलं. पेट्रोलच्या भाषेत लिटरला 24 किलोमीटरच्या आसपास. चुकलेल्या प्रत्येक ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 95 युरो दंड. कमी खपाची, मजेसाठी घेतली जाणारी स्वस्त गाडी या हिशोबात पहिली बळी जाते, कारण दंड सोसण्याइतका नफा तिच्यात नसतो, महागडी तगते. त्यात लक्ष्य ठरवताना वजनाला सवलत होती, म्हणजे जड गाड्यांना सैल लक्ष्य, त्यामुळे वजन उतरवणाऱ्याला पुरतं बक्षीस मिळालं नाही. इथे आवाज उठवायला जागा आहे. फ्रान्सने 2022 पासून गाडीच्या वजनावर कर लावला. हलकेपणाचे गोडवे आपण आयुष्यभर गातो, मग अशा कराला पाठिंबा द्यायचा सोडून त्याला शिव्या कशाला?

कृत्रिम इंधनावर फार भिस्त ठेवू नकोस. चिलीत पुंता अरेनासजवळ वाऱ्याच्या विजेवर असं इंधन बनवणारा प्रायोगिक कारखाना 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला. पण तेवढीच वीज सरळ बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी पट लांब जाते. जपलेल्या मोजक्या जुन्या गाड्यांना ते पुरेल. सगळ्या वाहतुकीला पुरेल असं म्हणणं ही पळवाट आहे. आणि विजेच्या गाड्या कायम करमुक्त राहतील अशी असूयाही बाळगू नकोस. न्यूझीलंडने एप्रिल 2024 पासून त्यांना किलोमीटरप्रमाणे आकार लावला, ब्रिटनने एप्रिल 2025 पासून वार्षिक कर. पेट्रोल खपेनासं झालं की रस्त्यांचा पैसा दुसरीकडून येणारच. त्या वेळी प्रति किलोमीटर कराची चर्चा निघेल, आणि कमी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथे हजर असायला हवं.

तुझ्या इथे नव्या कराच्या मसुद्यावर हरकती मागवल्या आहेत, असं तू लिहिलंस. हरकत जरूर नोंदव. 'अन्याय' हा शब्द गाळ, गाडीचे वर्षाचे किलोमीटर आणि लिटर टाक, बाळगण्यावरचा कर इंधनावर वळवा असं स्पष्ट माग, आणि वर्दळीच्या भागातलं बंधन मान्य असल्याचं त्याच पानावर लिही. मसुदा आधी मला पाठव, वाचून लगेच कळवतो.

तुझा,
काका