त्रिमिती आलेख: मोजलेलं किती, भरलेलं किती?

प्रयोगाच्या आकड्यांवरून त्रिमिती आलेख काढताना आपण मोजलेलं आणि सॉफ्टवेअरने भरलेलं यांत गोंधळ होतो, आणि तो वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. म्हणून तो आणि आलेखांबद्दलचे आणखी काही प्रश्न यांना इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: माझ्या फाइलमध्ये तीन रकाने आहेत. ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘एसप्लॉट’ ही त्रिमिती आलेखाची आज्ञा दिली की पृष्ठभागाऐवजी एकच नागमोडी रेष येते. असं का?

कारण बिंदूंची एक रांग कुठे संपते हे ग्नूप्लॉटला कळत नाही. क्ष ची किंमत बदलते तिथे फाइलमध्ये एक ओळ रिकामी सोडा. एकच, दोन नाही. दोन सोडल्या तर ग्नूप्लॉट तो वेगळा डेटासंच समजतो.

प्रश्न: फुकटच्या सॉफ्टवेअरचे आलेख नियतकालिकं नाकारतात असं ऐकलं. विकत घ्यावं का?

कोणाकडून ऐकलंत? नियतकालिकाच्या सूचना स्वतः वाचा. तिथे फाइलचा प्रकार, अक्षरांचा आकार, रिझोल्यूशन असतं. ग्नूप्लॉट १९८६ पासून आहे, पायथन भाषेतलं आलेखांचं साधन मॅटप्लॉटलिब २००३ पासून. दोन्ही पीडीएफमध्ये व्हेक्टर आलेख (कितीही मोठे केले तरी रेषा स्पष्ट राहतात असे) देतात. ‘महिनाभर मोफत’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून मात्र जपून राहा. मुदत संपली की त्याच्या खास स्वरूपात साठवलेलं काम आत अडकू शकतं. मूळ आकडे नेहमी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा.

प्रश्न: तापमान आणि संहती (द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण) बदलून १४ रीडिंग घेतली. ग्नूप्लॉटची जाळी भरणारी ‘डीग्रिड३डी’ आज्ञा ५०, ५० अशी दिल्यावर सुंदर गुळगुळीत पृष्ठभाग आला आणि मधोमध एक शिखर दिसतं. तेच सर्वोत्तम तापमान म्हणून लिहू का?

नाही. ५० गुणिले ५० म्हणजे २५०० बिंदू, आणि तुम्ही मोजलेत १४. बाकीचे आज्ञेने भरले. ‘डीग्रिड३डी’ नेहमीच्या पद्धतीत जाळीच्या प्रत्येक बिंदूवर आसपासच्या रीडिंगची अंतरानुसार भारित सरासरी काढतं. ती किती दूरवरचं धरते हे ठरवणारा आकडा तुम्ही बदललात की डोंगराचा आकारही बदलतो. बदलून पाहा. प्रयोग तोच, टेकडी वेगळी! पायथनच्या सायपाय या गणिती संग्रहात हेच काम करणाऱ्या ‘ग्रिडडेटा’मध्ये ‘क्युबिक’ (वक्र जोडणी) निवडलंत तर पृष्ठभाग सर्वांत मोठ्या रीडिंगच्याही वर जाऊ शकतो. ‘लिनियर’ (सरळ जोडणी) तसं करत नाही आणि मोजलेल्या क्षेत्राबाहेर जागा रिकामी सोडते. मला ती रिकामी जागा आवडते, कारण तिथे आपण काही मोजलेलं नाही हे ती सांगते.

दुसरी गोष्ट. तापमान शेकड्यांत आणि संहती दशांशात असेल तर अंतर मोजताना संहतीचा फरक जवळजवळ गायब होतो. आधी दोन्ही अक्ष एका मापात आणा. मग पृष्ठभागावर मूळ १४ बिंदू ठळक ठिपक्यांनी दाखवा, आणि आकृतीखाली अंतर्वेशनाची, म्हणजे मधल्या किमती भरण्याची, पद्धत लिहा. शिखर खरं वाटत असेल तर तिथे जाऊन मोजा, तेही तीनदा. आणि कमाल किंमत प्रबंधात लिहिण्याआधी रीडिंगची वही घेऊन संख्याशास्त्रज्ञाकडे बसा. चित्र पाहून निष्कर्ष काढण्याची ही सवय मला खरोखर अस्वस्थ करते.

प्रश्न: रंग इंद्रधनुषी ठेवले तर चालेल?

टाळा. पिवळ्या पट्ट्यापाशी डेटात नसलेली सीमा दिसते, आणि लाल-हिरवा फरक न दिसणारे वाचकही असतात. जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळत जाणारा ‘व्हिरिडिस’ वापरा, मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये तोच आपोआप येणारा रंगक्रम केला.

प्रश्न: उद्या प्रबंध द्यायचा आहे. पुढच्या उंचवट्यामागे अर्धे बिंदू लपतात. काय करू?

हे पहिल्या मसुद्यालाच दिसलं असणार. ग्नूप्लॉटमध्ये आलेख कुठून पाहायचा ते ठरवणाऱ्या ‘सेट व्ह्यू’चे कोन बदला, मुळात ते ६० आणि ३० असतात. तरी लपत असेल तर ‘सेट व्ह्यू मॅप’ देऊन वरून पाहिलेला रंगनकाशा काढा. त्यात काहीच मागे लपत नाही, आणि किंमत वाचायलाही तो बहुतेकदा सोपा. पण आकृती बदलली की मजकुरातले तिचे उल्लेखही बदलतात, तेव्हा आजच मार्गदर्शकांना दाखवा.