छोट्या सैन्याचा नवा छद्मावरणी गणवेश: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लहान देशाने सैन्यासाठी नवा कॅमोफ्लाज, म्हणजे परिसरात मिसळून जवानाला लपवणारा, गणवेश निवडताना काय पाहावं, याविषयी आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी नक्षीबद्दल विचारलंय. माझी उत्तरं मात्र फिरूनफिरून कापड आणि खरेदीवर येतात, त्याला इलाज नाही.

प्रश्न: पाच-सहा हजार जवान असलेल्या देशाने स्वतःची नक्षी काढावी की बाजारातली तयार घ्यावी?

तयार घ्यावी आणि वाचलेला पैसा कापडात घालावा. हे सांगितलं की लोकांचा विरस होतो, कारण स्वतःची नक्षी ही झेंड्यासारखी अभिमानाची गोष्ट वाटते.

नक्षी काढणं हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग. खर्च सुरू होतो त्यानंतर. शर्ट-पँट शिवून झाली की त्याच नक्षीत हेल्मेटचं कव्हर लागतं, चिलखती जाकीट लागतं, गोळ्यांच्या मॅगझिनचे पाऊच, पाठपिशवी, रेनकोट, थंडीचं जाकीट लागतं. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या कापडाची आणि बहुधा वेगळ्या कारखान्यातली. नायलॉनवर जो हिरवा चढतो तो सुती मिश्रणावर चढत नाही, म्हणजे प्रत्येक कापडासाठी रंग नव्याने जुळवायचा. त्यात थोडक्या मीटरसाठी छपाईची गिरणी यंत्र लावायला राजी नसते. मग एक तर कित्येक वर्षांचा साठा एकदम उचलायचा, नाहीतर नव्या गणवेशावर जुन्या रंगाचं जाकीट चढवायचं. छातीवर भलत्याच रंगाचा चौकोन असेल तर खालची नक्षी कितीही हुशार असो, तिचा उपयोग संपला.

न्यूझीलंडचं उदाहरण पाहा. त्यांनी 2013 मध्ये तिन्ही दलांसाठी स्वतःची नवी नक्षी आणली आणि 2020 पासून ती बदलून ब्रिटिश सैन्याच्या एमटीपी या नक्षीच्या वळणाची नक्षी द्यायला सुरुवात केली. डेन्मार्कनेही आपली जुनी एम84 सोडून मल्टिकॅम घेतली. मल्टिकॅम ही अमेरिकेतल्या क्राय प्रिसिजन या कंपनीची नक्षी. त्या रंगांत पाऊचपासून तंबूपर्यंत काहीही तयार मिळतं, हा तिचा खरा गुण.

अभिमान राखायचाच असेल तर ब्रिटनची वाट बरी. 2010 मध्ये त्यांनी एमटीपी आणली तेव्हा रंग मल्टिकॅमचे घेतले आणि आकार आपल्या जुन्या डीपीएम या नक्षीचे, ब्रशने ओढल्यासारखे, ठेवले. जवान लांबूनही ब्रिटिश वाटतो आणि बाजारातलं सामान त्यावर खपून जातं.

प्रश्न: निवड कुणी करावी? वरिष्ठांनी नमुने पाहून ठरवलं तर काय बिघडतं?

अफगाणिस्तानात काय बिघडलं ते वाचा. तिथल्या पुनर्बांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी विशेष महानिरीक्षकांनी 2017 मध्ये यावर अहवालच काढला. अफगाण सैन्यासाठी जी नक्षी घेतली ती जंगलातली होती आणि एका खासगी कंपनीच्या मालकीची होती. संरक्षणमंत्र्यांना ती इंटरनेटवर नमुने बघताना आवडली, एवढीच तिची पात्रता. अहवालानुसार देशाच्या जेमतेम 2.1 टक्के जमिनीवर जंगल. अमेरिकी सरकारच्या मालकीची एखादी नक्षी वापरली असती तर वाचले असते असे 2 कोटी 80 लाख डॉलरपर्यंत जादा खर्च झाले असावेत, असा अंदाज त्यात दिला आहे.

टेबलावर ठेवलेला कापडाचा तुकडा हातभर अंतरावरून पाहिला जातो. शत्रू हातभर अंतरावरून पाहत नाही. म्हणून आधी आपल्याच जमिनीचे फोटो काढा: प्रत्येक ऋतूतले, सकाळचे, भर दुपारचे, 50 मीटरवरून आणि 200 मीटरवरून. त्यात वेगवेगळे गणवेश घातलेली माणसं बसवा. ज्या सैनिकांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांना ते फोटो दाखवा आणि माणूस शोधायला किती सेकंद लागले ते मोजा. याला फार पैसे लागत नाहीत. मंत्र्यांना मग नमुना न दाखवता तक्ता दाखवायचा.

प्रश्न: चौकोनी ठिपक्यांची डिजिटल नक्षी खरंच सरस असते का?

चौकोनात जादू नाही. जादू असलीच तर मापात आहे. जवळून पाहताना बारीक पोत झाडोऱ्यात मिसळायला हवा आणि लांबून पाहताना मोठ्या डागांनी माणसाचा आकार मोडायला हवा. टिमोथी ओ'नील या अमेरिकी अधिकाऱ्याने 1970 च्या दशकात ही दोन्ही कामं चौकोनांच्या एकाच नक्षीकडून करून घेतली. पुढे कॅनडाची कॅडपॅट आणि अमेरिकी मरीन्सची मारपॅट आली; दोन्ही चांगल्या निघाल्या.

मग अमेरिकी लष्कराने 2005 च्या सुमारास यूसीपी ही नक्षी आणली. चौकोन तसेच, पण रंग सगळे फिके: राखाडी, वाळूसारखा, किंचित हिरवट. सारख्याच फिकेपणाचे तीन रंग थोड्या अंतरावर एकमेकांत विरघळतात, आणि उरतो माणसाच्या आकाराचा एक फिकट डाग. सर्वत्र चालावी म्हणून काढलेली नक्षी जवळपास कुठेच चालली नाही. 2010 मध्ये अफगाणिस्तानातल्या तुकड्यांना मल्टिकॅम द्यावी लागली आणि 2019 मध्ये यूसीपी पूर्णपणे निवृत्त झाली. तेव्हा आधी रंगांमधला फिका-गडद फरक पाहा, ठिपके गोल की चौकोनी हे मागाहून.

प्रश्न: सगळ्यांनी एकच नक्षी घेतली तर आपला कोण, परका कोण?

अडचण खरी आहे, पण वेगळ्या नक्षीनेही ती सुटत नाही. धुळीने माखलेला गणवेश दीडशे मीटरवर कुणाचाही असू शकतो. युक्रेनमध्ये 2022 पासून दोन्ही बाजूंनी दंडावर रंगीत पट्ट्या बांधल्या, त्या उगाच नाहीत. पट्टी स्वस्त असते आणि रोज बदलता येते. बाकी, शत्रूचा गणवेश गैरवापराने चढवायला 1907 च्या हेग नियमांतच मनाई आहे.

देशातल्या देशात वेगळा प्रश्न येतो तो लष्करी कपडे घालून फसवणाऱ्या भामट्यांचा. बार्बाडोस, जमैका यांसारख्या कॅरिबियन देशांत सामान्य नागरिकाने कॅमोफ्लाज घालणंच बेकायदा आहे, पर्यटकांनीसुद्धा.

प्रश्न: नौदलासाठी निळी नक्षी?

नको. अमेरिकी नौदलाने घेतली आणि 2019 पर्यंत सोडली. समुद्रात पडलेला खलाशी दिसेनासा होणं, एवढा एकच फायदा खलाशी थट्टेने सांगत. शिवाय ते नायलॉन-सुती कापड आगीत जळतं आणि वितळतं, हे 2012 च्या चाचणीत दिसलं. जहाजावर शत्रूच्या नजरेपेक्षा आगीचं भय मोठं. तिथे साधा एकरंगी, आगरोधक कापडाचा गणवेश द्या.

प्रश्न: नमुना उत्तम होता, पण जवानांना वर्षभरात मिळालेले गणवेश रात्रीच्या दुर्बिणीत पांढरेफटक दिसतात. असं का?

नमुन्याचा रंग आणि पुरवठ्याचा रंग वेगळा असणार. हिरवी पानं अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड) प्रकाश भरपूर परावर्तित करतात, म्हणून रात्रीच्या दुर्बिणीत झाडी उजळ दिसते आणि माती, खोडं गडद. गणवेशातही हा उजळ-गडद फरक हवा. साधे रंग अवरक्त प्रकाशात जणू नसतातच. नक्षी पुसली जाते आणि कापड कोरं दिसतं. यासाठी व्हॅट नावाचे, धाग्यात पक्के बसणारे रंग वापरतात, तेही नेमके निवडून. ते महाग पडतात, म्हणून पहिल्या खेपेनंतर पुरवठादाराचा हात आखडतो.

दुसरा संशय धुलाईवर. कपडे जास्त उजळ दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत जी द्रव्यं घालतात ती कापडावर साचतात आणि अतिनील प्रकाशात चमकतात. खळ आणि कडक इस्त्रीनेही कापडाचे गुण बिघडतात. संचलनासाठी वेगळा जोड द्या, म्हणजे मैदानातल्या गणवेशाला कुणी इस्त्री करायला जाणार नाही. पुढच्या निविदेत अवरक्त चाचणी कोऱ्या कापडावर न मागता वीस धुण्यांनंतरच्या कापडावर मागा, आणि तुकडा पुरवठादाराने पाठवलेला न घेता गोदामातल्या कुठल्याही गठ्ठ्यातून स्वतः कापून घ्या.