कंदिलाचे सांगाडे एप्रिलमध्येच बांध

ताई,
मी डिचोलीची. वय ३३. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, वर्षाला पुण्याच्या एका प्रकाशनाची दोन पुस्तकं असतात. त्याशिवाय दिवाळीला साठेक आकाशकंदील, नाताळला चाळीसेक तारे आणि दोनशे हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रं करते. गावच्या मुलांना नरकासुराचा मुखवटाही माझ्याच हातचा लागतो, शिगमो (आमचा गोव्याचा होळीचा उत्सव) जवळ आला की चित्ररथासाठी बोलावणं येतं. ऑक्टोबर ते डिसेंबर मी धड झोपत नाही. गेल्या वर्षी पुस्तक महिनाभर उशिरा गेलं आणि आमच्याच दारात कंदील लागला तो लक्ष्मीपूजनाच्या रात्री. ३५० रुपयांच्या कंदिलाला १४० रुपयांचं सामान आणि माझे तीन तास जातात. सासूबाई म्हणतात, एक काय ते धर. पुस्तक सोडवत नाही, हातकामही सोडवत नाही. काय करू?


प्रिय मैत्रिणी,

दोन्ही धर. तुझ्या पत्रात मला दोन कामांचं भांडण दिसलं नाही. कंदील ज्या पंधरवड्यात विकायचा त्याच पंधरवड्यात तू तो बांधतेस, आणि नेमकी तेव्हाच पुस्तकाची रंगकामं चालू असतात, एवढंच दिसलं. आपल्या गोव्यात तर दिवाळीआधीचे चार महिने कागदाचे वैरी. हवा ओली, खळ वाळत नाही, वाळली तर बुरशी धरते. म्हणून वर्ष उलटं लाव: बांबू, कातरकाम आणि छपाई फेब्रुवारी ते मे, पुस्तक पावसात, आणि सणाच्या तोंडावर फक्त कागद चिकटवणं. आता फेब्रुवारी चालू आहे, यंदापासूनच जमेल.

सुरुवात सांगाड्यापासून कर. कंदिलासाठी एक आकार आणि नाताळच्या ताऱ्यासाठी दुसरा, असं कशाला? दोन्हीकडे पंचकोनी ताऱ्याचा एकच सांगाडा वापर. दिवाळीला भगवा-पिवळा कागद आणि खाली झिरमिळ्या, नाताळला पांढरा-लाल कागद आणि झिरमिळ्या नाहीत. दिवाळीत जे सांगाडे उरतील ते वाया न जाता नाताळला जातील. या एका बदलाने तुझा अंदाज चुकण्याची भीती निम्मी होते.

एका ताऱ्याला ६० सेंटिमीटरच्या दहा काड्या लागतात, ८ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड. पाच काड्यांचा एक सपाट तारा, असे दोन. प्रत्येक काडीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण कर. काड्या एकमेकींना बरोबर त्या खुणांवर छेदल्या की तारा आपोआप समभुज येतो, डोळ्याने जुळवत बसावं लागत नाही. दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने बांध आणि आतल्या पाच छेदांवर ९ सेंटिमीटरच्या आडकाड्या खोच. तारा एका बाजूला कलत असेल तर एखादी काडी बाकीच्यांपेक्षा जाड निघालेली असते, म्हणून बांधण्याआधी प्रत्येक काडी वाकवून बघ आणि सारख्या वाकणाऱ्या एकत्र ठेव. आडकाडी ९ ऐवजी १२ केलीस तर फुगीरपणा छान दिसतो खरा, पण टोकांवर ताण येऊन कागद तिथेच फाटतो.

शंभर सांगाड्यांना हजार लांब काड्या आणि पाचशे आडकाड्या झाल्या. आकडा मोठा वाटेल, पण एकाच दिवशी सगळ्या काड्या कापायच्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर खुणा, मग फक्त बांधणी, असं केलंस तर सांगाड्यामागे वीस मिनिटं पडतात. म्हणजे तेहतीस-चौतीस तास. एप्रिलच्या संध्याकाळींत बसतं.

बांबूची एक काळजी घे, नाहीतर हे सगळं पावसाळ्यात भुंग्याच्या पोटात जाईल. भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशाला लागतो, आणि कोवळ्या किंवा पावसात तोडलेल्या बांबूत तो जास्त असतो. तीन वर्षांचा, थंडीत तोडलेला बांबू माग. काड्या चिरल्यावर दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात चार-पाच दिवस बुडवून ठेव, मग सावलीत वाळव. उन्हात वाळवल्यास काड्या पिळतात. हातमोजे घाल, आणि ते पाणी मुलं-जनावरं यांच्यापासून लांब ठेव. काडीखाली बारीक पिवळसर भुकटी सांडलेली दिसली तर कीड लागली समज. ती काडी लगेच बाहेर काढ, सोबतच्या गठ्ठ्यात ठेवू नकोस.

कागद मात्र मे महिन्यात चिकटवू नकोस, कितीही मोह झाला तरी. कागद दमट हवेत पसरतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. मे महिन्यात ताणून लावलेला जुलैत ढिला पडून लोंबतो. भर पावसात लावलेला डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात आवळतो आणि शिवणीवर उकलतो. मे महिन्यात फक्त साच्यावर कागद कापून, सपाट, डब्यात ठेव. चिकटवायचा तो परतीचा पाऊस ओसरल्यावर. मैद्याची खळ तेव्हा ताजी कर, एका दिवसापुरतीच. शिळ्या खळीला बुरशी येते आणि तिचे डाग उजेड लावल्यावर दिसतात. चिकटवून झालं की बाहेरून पाण्याचा अगदी हलका फवारा मार, वाळताना कागद तबल्याच्या पुडीसारखा ताणला जाईल. आत ५ ते ७ वॉटचा एलईडी दिवा लावायला गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून दे. जुना पिवळा बल्ब लावला की कागद करपतो आणि दोष तुझ्या कंदिलावर येतो.

मुखवट्याचंही तसंच. कागदी लगद्याला ऊन लागतं आणि ऑक्टोबरमध्ये दुपारची सर कधी येईल सांगता येत नाही. थर आतून ओला राहतो, वरून रंग लागतो आणि चार दिवसांत फोड येतात. गावच्या मुलांना मे महिन्यातच बोलाव, लगदा त्यांनी कालवायचा, थर त्यांनी लावायचे. ऑक्टोबरमध्ये तू एका संध्याकाळी फक्त डोळे, भुवया, दात रंगव. मुलं तयार नसतील तर यंदा मुखवटा नाही. चित्ररथाचं काम मी सरळ सोडायला सांगेन. तारीख पुढे सरकत नाही, पैसे मागाहून येतात आणि मार्चच्या त्या आठवड्यात तुला काड्या चिरायच्या आहेत.

शुभेच्छापत्रं हाताने रंगवणं बंद कर. तुझा खरा हात मूळ चित्रात आहे, दोनशे वेळा तेच फूल काढण्यात नाही. मार्चमध्ये चार चित्रं काढ, स्कॅन कर आणि ३०० जीएसएम कागदावर छापून घे. चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र सोड, नाहीतर कापताना पांढरी कड राहते. ए५ दुमडून ए६ होणार असेल तर कागदाचा दाणा, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर हवा, हे छापखान्यात आधीच सांग. आडव्या दाण्यावर घडी घातली की कड फुटते आणि डिजिटल छपाईचा रंग तिथून सोलवटतो. घडीच्या जागी आधी बोथट टोकाने रेघ दाबून घे. हाताचं काही हवंच असेल तर प्रत्येक पत्रावर सोनेरी शाईचा एक फटकारा पुरे.

आता पुस्तक. ३२ पानांच्या चित्रपुस्तकात श्रेयपान वगैरे सोडून साधारण चौदा जोडपानं रंगवायची असतात. एका जोडपानाला तीन दिवस धरले तर ४२ दिवस, आठवड्याला सहा दिवस काम म्हणजे सात आठवडे. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण पुढे गेलेत: चवथ (गणेश चतुर्थी) १४ सप्टेंबरला, दिवाळी ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी चवथ २७ ऑगस्टलाच होती. तेव्हा जून ते १४ जुलै कच्ची पेन्सिल-रेखाटनं आणि प्रकाशकाचे शेरे, १५ जुलै ते ५ सप्टेंबर रंगकाम, त्यानंतर माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची सजावट), पाहुणे, आरत्या यांत कामाला हात लावायचा नाही, आणि सप्टेंबरअखेर पुस्तक सुपूर्द. करारात सुपूर्द करण्याची तारीख ३० सप्टेंबरच टाकून घे. दुसरं पुस्तक नोव्हेंबरात घेऊ नकोस, जानेवारीत सुरू कर.

पावसात जलरंग वापरतेस असं धरून चालते. हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र टेबलावर ठेव. काटा ६५ टक्क्यांच्या वर असला तर मोठा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, घालू नकोस: वरचा थर वाळल्यासारखा वाटतो, आत ओल असते, दुसरा हात दिला की पाणी मागे सरून फुलं पडतात. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर आधी खोली बंद करून ठेव. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर आणि हातभर लांबून, जवळून लावला तर रंग कडेला ढकलला जातो. चित्र पूर्ण झालं की त्याच दिवशी स्कॅन कर, ६०० डीपीआयला. मूळ चित्रं आणि कोरे कागद भिंतीपासून दूर, जमिनीच्या वर, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापव, परत कामाला येतात.

करारात आणखी तीन गोष्टी हव्यात. पेन्सिलीच्या टप्प्यावर दोनदा बदल, रंगीत चित्रावर एकदाच, पुढच्या प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे. मानधन तीन हप्त्यांत: करारावर ३० टक्के, रेखाटनं मंजूर झाल्यावर ३०, अंतिम चित्रांवर ४०. आणि हक्क. नोकरीत नसलो तरी कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला मालक, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, ते काढून घेणारा धरला जातो, म्हणून हक्क तुझेच राहतील असं करारात लिहून घे. हक्क दिले तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते. हे नीट वाच, कारण हक्क देऊन टाकले असतील तर त्या पुस्तकातला ससा तुला स्वतःच्या शुभेच्छापत्रावरही छापता येणार नाही. उद्यम नोंदणी करून घे, ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्यामुळे लघुउद्योगाचा कायदा तुझ्या बाजूने उभा राहतो: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक होतं.

तुझ्या कंदिलाचा हिशेब वाचून वाईट वाटलं. ३५० मधून १४० गेले, उरले २१०, तास तीन, म्हणजे तासाला ७० रुपये. तुझ्या कौशल्याला हे शोभत नाही. तासाला किमान १५० धर. एकगठ्ठा कामाने वेळ दोन तासांवर येईल, त्याचे ३००. सामान १४०, बांधणी-पिशवी २५, मोडतोडीसाठी सामानाचा दहावा भाग १४. एकूण ४७९. घरून विकताना ५००. पणजी-मडगावच्या दुकानात ठेवायचा आणि दुकानदार ३० टक्के घेणार असेल तर ४७९ ला ०.७ ने भाग, म्हणजे ६८५ च्या आसपास. इथे पुष्कळजणी ४७९ वर ३० टक्के चढवतात आणि ६२३ लावतात. मग दुकानदाराचे १८७ वजा जाऊन हातात ४३६ राहतात आणि घाटा कुठे झाला ते कळत नाही. किंमत वाढल्यावर काही गिऱ्हाइकं जातील. साठाचे चाळीस खपले तरी तुझ्या हातात आधीपेक्षा जास्त पैसे येतील, आणि वीस सांगाडे नाताळला मिळतील.

सासूबाईंच्या बोलण्यावर रागावू नकोस. सणाला घरात तू असूनही नसतेस, त्यांना तेच टोचत असणार. त्यांना हिशेब समजावण्याआधी यंदा पहिला तयार झालेला कंदील आपल्या दारात लाव, वसुबारसेच्याही आधी. नातेवाइकांसाठी वर्षाला पाच नग भेट म्हणून बाजूला काढ, कोणाला द्यायचे ते घरात बसून ठरवा, आणि पाच संपले की सहाव्याला किंमत सांग. ही यादी सासूबाईंकडे राहिली तर उत्तम. तुला नाही म्हणता येत नाही, त्यांना येईल.

यंदा दिवाळी आणि नाताळ यांच्यात ४७ दिवसच आहेत, गेल्या वर्षी नरकचतुर्दशीपासून ६६ होते. म्हणून दिवाळीच्या मागण्या २० ऑक्टोबरला बंद, माल ३ नोव्हेंबरपर्यंत पोचता. ताऱ्यांचे कागद भाऊबिजेनंतर लगेच, आणि दुकानांत ते २५ नोव्हेंबरपर्यंत, कारण आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार २९ ला आहे आणि घरोघरी तारे तेव्हापासून लागतात. या तारखा चवथीच्या आधीच सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठव, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय वहीत नाव लिहू नकोस, आणि २१ ऑक्टोबरला कोणी आलंच तर सांग, 'कंदील संपले, नाताळच्या ताऱ्यासाठी नाव लिहून घेऊ का?'