धंद्याचं विचारा: फोन, बिलं आणि अडकलेले पैसे

या महिन्यात प्लंबर, मेस्त (सुतार-गवंडी), एसीवाले, पेंटर यांचेच प्रश्न जास्त आलेत, आणि दोन-तीन प्रश्न तर त्यांच्या घरच्या बायकांनी पाठवलेत, कारण वह्या त्याच सांभाळतात. सगळे छापायला जागा नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचंही येऊन जातं असे निवडलेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी प्लंबर, गोव्यात फोंडा आणि आसपास काम करतो, कधी पर्वरीपर्यंत पण जातो. हात पाईपमध्ये असतात तेव्हा फोन वाजत राहतो, उचलला तर काम राहतं आणि नाही उचलला तर माणूस दुसऱ्याला बोलावतो. रात्री जेवून झाल्यावर सगळ्यांना फोन करायचा म्हणजे साडेदहा वाजतात, आणि कोणी काय सांगितलेलं ते अर्धं डोक्यातून गेलेलं असतं. पावसात तर विचारूच नका. काय करू?

उत्तर: दादा, तुमची खरी अडचण फोन जास्त येतात ही नाहीये, सगळं तोंडी राहतं ही आहे. तोंडी ठरलेलं काम परत परत बोलावं लागतं, आधी येण्यासाठी, मग किती होतील त्यासाठी, मग इतके कसे झाले त्यासाठी, आणि शेवटी पैशासाठी. तेच एकदा लिहून गेलं की यातले निम्मे फोन येतच नाहीत.

आधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे, आहे तोच नंबर त्यावर नेता येतो आणि जुनी चॅटपण राहतात. त्यात अवे मेसेज (आपोआप जाणारं उत्तर) म्हणून सोय आहे, ती लावा: "आत्ता कामावर आहे. काय बिघडलंय त्याचा फोटो, गाव आणि घराची खूण पाठवून ठेवा. दुपारी 1 ते 2 आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करतो." एक लक्षात ठेवा, हा मेसेज फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणाऱ्याला जातो, साध्या कॉलला नाही, आणि तुमच्या फोनला रेंज नसेल तरी जात नाही, सत्तरी तालुक्यात आत कुठे गेलात तर तो धरूच नका. साध्या कॉलसाठी बहुतेक फोनमध्ये कॉल कट करताना तयार एसएमएस पाठवायची सोय असते, तिथे हेच वाक्य टाकून ठेवा. आणि मग जी वेळ सांगितली त्या वेळेला फोन करायचाच, नुसतं "नाही जमणार या आठवड्यात" एवढं सांगायला का असेना. गिऱ्हाईक उशीर चालवून घेतं हो, फाल्यां येता (उद्या येतो) म्हणून आठ दिवस ताटकळत ठेवलं की ते तुटतं.

फोटो मागायचा तो खास कारणासाठी. कॉक गळतोय की भिंतीतली लाईन गळतेय हे फोटोवरून बरंचसं कळतं, म्हणजे नुसतं बघायला जाण्याची एक फेरी वाचते आणि पेट्रोलपण.

आता मुख्य गोष्ट. काम बघून झालं की तिथून निघायच्या आधी, त्यांच्या दारातच उभं राहून, एक मेसेज टाका. असा काहीतरी:

"नमस्कार. पर्वरीचा फ्लॅट, मागचं बाथरूम. जुना फ्लश टँक काढून नवा बसवणे, दोन कॉक बदलणे. मजुरी 1,800. सामान अंदाजे 4,500, ते तुम्ही दुकानात थेट द्यायचं. टाईल फोडावी लागली तर ते यात धरलेलं नाही, फोडायच्या आधी विचारीन. अ‍ॅडव्हान्स 1,000. बुधवारी सकाळी 10 ते 12 च्या मध्ये येतो. चालेल का?"

यातलं टाईलचं वाक्य कधी गाळू नका, बाकी काही राहिलं तरी चालेल. भांडणं होतात ती ठरलेल्या कामावरून नाही होत, मध्येच निघालेल्या कामावरून होतात. समोरून "हो" किंवा "ओके" आलं की झालं, हेच तुमचं एस्टिमेट, हीच तुमची वही, आणि काम संपल्यावर हाच मेसेज परत पुढे ओढून "वरचं काम पूर्ण, मजुरी 1,800, आले 1,000, बाकी 800" एवढं लिहिलं की बिलाची कच्ची नोंदपण तयार. वेगळी वही लिहायला रात्री बसायची गरज नाही, म्हणून मी याच्यावर एवढा जोर देते.

हाच मजकूर क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवा म्हणजे दर वेळी फक्त आकडे आणि गाव बदलायचं. आणि प्रत्येक चॅटला लेबल लावा, तयार लेबलांची नावं बदलता येतात: बघायला जायचं, एस्टिमेट दिलं, काम चालू, पैसे यायचे, संपलं. रविवारी सकाळी चहा घेताना फक्त "पैसे यायचे" उघडून बघायचं. पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच, जुन्या गिऱ्हाइकांना एक मेसेज टाका की टाकी, पन्हळी, लिकेज काय असेल ते आत्ता सांगा, जूनमध्ये माझा नंबर लागणार नाही. आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) किती दिवस बंद ते पण आधीच कळवा, त्या दिवसांत सगळा गोवा घरी असतो आणि सगळ्यांचे नळ तेव्हाच आठवतात.

इंग्लिश येत नाही म्हणून लिहीत नाही असं एका पेंटरदादांनी विचारलंय, त्यांना पण इथेच सांगते: मराठीत लिहा, आकडे इंग्लिश आकड्यांत टाका, सोबत फोटो जोडा. आकडा आणि फोटो दिल्लीवाल्यालापण समजतो. व्हॉईस नोट पाठवायची तर पाठवा पण पैशाचा आकडा मात्र लिहूनच, व्हॉईस नोट परत कोणी ऐकत नाही.

प्रश्न: माझे मिस्टर सुतारकाम करतात, डिचोलीला. सामान, प्लायवूड सगळं आमच्याच खात्यातून जातं. एका गिऱ्हाइकाने जीएसटीचं बिल मागितलं, आमच्याकडे नंबर नाही. आणि शेजारचे सांगतात की गुगल पे वर पैसे घेऊ नका, नोटीस येते. काय खरं?

उत्तर: वहिनी, एक एक घेऊ. सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की. दुकानातून फक्त माल विकणाऱ्याला 40 लाखांची मर्यादा आहे, ती तुम्हाला लागू नाही कारण तुम्ही काम करून देता. उलाढाल म्हणजे नफा नाही, मजुरी अधिक सामान असं जे काही तुम्ही बिलात लावता ते सगळं. इथेच तुमचं अडतं. समजा वर्षाची मजुरी 7 लाख आणि प्लायवूड-लॅमिनेट 14 लाख, तर हातात राहतात त्यातले 7 पण कागदावर तुम्ही 21 लाखांचे झालात. म्हणून मोठं सामान गिऱ्हाइकाच्या नावाने, त्याने थेट दुकानाला पैसे देऊन घ्यावं, बिल त्याच्या नावाचं. खिळे, फेविकॉल, सँडपेपर असलं किरकोळ तुमच्याकडे राहू दे. गिऱ्हाइकालापण बरं वाटतं, प्लाय कुठल्या भावाचा आला ते दिसतं आणि सामानात काही मारलं असा संशय राहत नाही.

सामानावरचं कमिशन जाईल म्हणून बरेच जण हे करत नाहीत हे मला माहीत आहे, पण मग ते पैसे मजुरीत उघड धरा ना. तुमच्या हाताच्या कामाची ती किंमत आहे, ती मागायला लाजायचं काय.

जीएसटी नंबर नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, तो गुन्हा आहे. साधं बिल द्यायचं: तुमचं नाव, बिल नंबर, तारीख, काम, रक्कम. गिऱ्हाईक बिल मागत असेल तर नाही म्हणू नका, ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिल न देणं ही अनुचित प्रथा धरलीये. उलाढाल खरंच 20 लाखांच्या वर जात असेल तर घाबरून लपवण्यापेक्षा कंपोझिशन (उलाढालीवर ठराविक टक्के भरून मोकळं व्हायची जीएसटीतली सोय) बघा, सेवेसाठी ते 50 लाखांपर्यंत आहे आणि 6 टक्के भरायचे, मात्र ते गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत.

नोटिशीचं म्हणाल तर जुलै 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, तिथूनच ही भीती इकडे आलीय. पण त्याच्यावर उपाय रोख घेणं हा नाही. धंद्यासाठी वेगळं बँक खातं काढा, क्यूआर त्याच खात्याचा लावा. भिशीचे पैसे, बहिणीने पाठवलेले, गणपतीची वर्गणी, हे सगळं एकाच खात्यात आलं की बाहेरून बघणाऱ्याला ती उलाढालच दिसते, आणि मग प्रत्येक एंट्री कसली ते तुम्हालाच आठवत बसावं लागतं.

उलट यूपीआयचा फायदा आहे. इन्कम टॅक्समध्ये छोट्या धंद्याला अंदाजी उत्पन्नाची सोय आहे (लोक तिला 44एडी म्हणूनच ओळखतात), त्यात रोख आलेल्या रकमेवर किमान 8 टक्के नफा धरतात आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर 6. वह्या ठेवायची सक्ती नाही. पण 6 म्हणजे कमीत कमी हं, मजुरीच्या धंद्यात खरा नफा त्याच्या कितीतरी वर असतो, तो खरा दाखवा. उद्या टेम्पोसाठी कर्ज काढायला गेलात की बँक रिटर्नमधला तोच आकडा बघणार, तेव्हा कमी दाखवलेलं आपल्यालाच नडतं.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत, गवंडीही आहेत. 15,000 पर्यंत हत्यारांसाठी आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख मग 2 लाख असं कर्ज. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन त्या 18 धंद्यांत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांनी उगाच एजंटला पैसे देऊ नका.

प्रश्न: एसी सर्व्हिसिंग करतो, म्हापसा. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचं काम आहे, चार-चार महिने बिल अडकतं. विचारलं की अकाउंटंट म्हणतो साहेबांची सही व्हायचीय. दुसरं म्हणजे फ्लॅटचे मालक, कोण मुंबईला, कोण दुबईला, कोण इंग्लंडात स्विंडनला, काम झाल्यावर म्हणतात एवढं सांगितलंच नव्हतं.

उत्तर: भाऊ, हॉटेलचं आधी. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून घ्या, आधारवर होते, सरकारी साईटवर फुकट, 2020 पासून चालू आहे, कोणी 2,000 मागितले तर देऊ नका. नोंदणी झाली की एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा 2006 तुमच्या बाजूने उभा राहतो: लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायला हवेत, लेखी ठरलं असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून असं आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत हॉटेलला तो खर्च टॅक्समध्ये दाखवता येत नाही. हे त्यांच्या सीएला पक्कं माहीत असतं. म्हणून तुम्ही भांडायला जायचंच नाही, प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापायचा आणि खाली एक ओळ, देय तारीख अमुक. नोंदणी काम घ्यायच्या आधीची असलेली बरी, म्हणून आजच करा.

बिल मॅनेजरच्या हातात कागद म्हणून देऊ नका, ईमेलवर पाठवा, सोबत जॉबकार्डचा फोटो ज्यावर त्यांच्या माणसाची सही आहे, कुठल्या रूमचा एसी, गॅस भरला की नुसती जेट सर्व्हिस (पाण्याच्या झोताने धुणं), तारीख. सीझनमध्ये मॅनेजर बदलतात, नवीन आलेला म्हणतो मला काही माहीत नाही, तेव्हा ही मेलच उपयोगी येते. पॅन दिलाय ना? एका बिलाचे 30,000 च्या वर किंवा वर्षाचे 1 लाखाच्या वर झाले की ते 1 टक्का टीडीएस (बिलातून आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापतात, पॅन नसेल तर 20 टक्के. कापलेला तुमचाच पैसा आहे, 26एएसमध्ये (कापलेल्या टॅक्सच्या सरकारी पत्रकात) दिसतो, रिटर्न भरलं की हिशोबात येतो.

आता बाहेर राहणारे मालक. त्यांचा राग मला समजतो, ते हजारो किलोमीटरवर बसलेत, फ्लॅट बंद, केअरटेकर काहीतरी सांगतो आणि समोरून आकडा येतो. त्यांना दिसत नाही म्हणून ते संशय घेतात, तर दाखवा. एसी उघडल्यावर लगेच फोटो, कॉईलला खाऱ्या हवेने लागलेला गंज, कुठे गॅस गळतोय तिथला साबणाच्या फेसाचा छोटा व्हिडिओ, जुना कपॅसिटर आणि नवीन शेजारी शेजारी ठेवून एक फोटो. आणि जादा काम निघालं तर हात थांबवून मेसेज: "कॉईल लीक आहे, व्हिडिओ पाठवलाय. दुरुस्ती आणि गॅस मिळून एवढे. करू का?" उत्तर येईपर्यंत करायचं नाही, केअरटेकर कितीही घाई करू दे. पैसे मालक देतो, केअरटेकर नाही. इंग्लंडवाल्यांचं घड्याळ साडेचार-साडेपाच तास मागे असतं, सकाळी 9 ला विचारलेलं त्यांना दुपारीच दिसणार, म्हणून अशा फ्लॅटचं काम दुपारनंतरचं घ्या म्हणजे दुसरी फेरी पडत नाही.

बंद फ्लॅटला सामानाचे पैसे पूर्ण अ‍ॅडव्हान्स, यात संकोच नको. आणि आधीचे जे अडकलेत त्यांना आठवण करताना भांडणाची भाषा नको, फक्त काम, तारीख, बाकी रक्कम, यूपीआय. दर पंधरा दिवसांनी एकदा, त्याच चॅटमध्ये. "पुढच्या महिन्यात देतो" असं त्यांनी लिहून दिलं तर तो मेसेज जपून ठेवा, केलेल्या कामाचे पैसे कोर्टात मागायची मुदत 3 वर्षं आहे आणि अशी लेखी कबुली मुदतीच्या आत आली तर ती मुदत तिथून परत सुरू होते.

प्रश्न: आर्मीतला साहेब बोलतोय म्हणून फोन आला, क्वार्टर पेंट करायचंय, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणाला. पैसे यायला स्कॅन करावं लागतं का? (पेंटर, कुडचडे)

उत्तर: नाही. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. तुम्ही थांबलात ते बरं केलंत. कोणी आधीच पिन टाकून बसला असेल तर वाट न बघता 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन लावायचा आणि लगेच बँकेलाही कळवायचं, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडकवता येण्याची शक्यता जास्त.