‘मी बँकेत होतो, तरी फसलो’

घरातली जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढली, गिऱ्हाईक मिळाले, आणि पैसे येण्याऐवजी आपल्याच खात्यातून गेले. आता घरच्यांना काय सांगायचे आणि यापुढे असे काही विकायचे धाडस करायचे की नाही, ही काळजी घेऊन येणारी माणसे समुपदेशनाच्या कामात मला वरचेवर भेटतात. त्यांतली बहुतेक शिकलेली, व्यवहार जाणणारी असतात, आणि म्हणूनच ‘आपण फसलोच कसे’ हा प्रश्न त्यांना पैशापेक्षा जास्त छळतो. याचे उत्तर मी एका गृहस्थांच्या अनुभवातून देणार आहे. त्यांची परवानगी मी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे काका म्हणते, कारण पहिल्या भेटीपासून मी त्यांना तसेच म्हणत आले.

काका नाशिकचे. बँकेत ३० वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी रोखपालाच्या खिडकीत. त्यांना माझ्याकडे आणले ते त्यांच्या लेकीने, आणि तक्रार सांगितली ती झोपेची. बाबा रात्री उठून बसतात, फोन वाजला की दचकतात, भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे द्यायचे बंद केले आहे आणि जेवायला टेबलावर बसत नाहीत, हॉलमधल्या दिवाणावर ताट घेतात, असे ती सांगत होती. काका शेजारी गप्प बसून होते. लेक बाहेर गेल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले: “मी बँकेत होतो, तरी फसलो.” ही गोष्ट तोवर घरात कोणालाच माहीत नव्हती, आणि तिला १९ दिवस झाले होते.

लेकीचे लग्न झाल्यावर दोघांनाच मोठे घर नको म्हणून काका-काकू लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. तिथे सहा खुर्च्यांचे सागवानी टेबल मावणार नव्हते, म्हणून काकांनी त्याचे फोटो काढून १२,००० रुपयांना जाहिरात टाकली. पंधरा मिनिटांत फोन आला. समोरचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. आपण लष्करात आहोत, देवळालीला नुकतीच बदली झाली आहे, कुटुंब पुढच्या आठवड्यात येणार आहे, टेबल पसंत आहे आणि न्यायला लष्कराची गाडी येईल, असे त्याने सांगितले. पाठोपाठ गणवेशातला फोटो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवला. नाशिककराला देवळालीची छावणी परकी नाही, तिथल्या जवानांविषयी मनात आदरच असतो, आणि काकांनी त्या आदरापोटी मनातल्या मनात हजार रुपये कमी करायचेही ठरवले होते. त्या माणसाने मात्र घासाघीस केलीच नाही. जुने टेबल प्रत्यक्ष न पाहता सांगितली ती किंमत मान्य करणारे गिऱ्हाईक आपल्याकडे सहसा भेटत नाही, ही खूण काकांना नंतर पटली.

पुढचा भाग मी त्यांच्याकडून मिनिटामिनिटाने लिहून घेतला. ‘आमच्या खात्याची पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे, आधी ५ रुपयांची खातरजमा करावी लागते,’ असे सांगून त्याने क्यूआर कोड पाठवला. काकांनी तो स्कॅन केला, पिन टाकला आणि त्यांच्या खात्यातून ५ रुपये गेले; लगेच त्याने १० रुपये परत पाठवले. हे १० रुपये म्हणजे गळाला लावलेले आमिष होते, कारण त्यामुळे काकांच्या मनात ‘कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येतात’ असा चुकीचा संबंध पक्का बसला. मग १२,००० चा कोड आला आणि तेवढी रक्कम गेली. ‘अंकल, घाबरू नका, व्यवहार उलटा पडला आहे, पुन्हा एकदा केलात की दोन्ही मिळून परत येतील,’ असे म्हणत त्याने आणखी १२,००० काढून घेतले, आणि मग ‘सगळे एकदम सुटावे’ म्हणून २४,००० चा कोड पाठवला. अकरा मिनिटांत ४८,००० रुपये गेले.

इथे मी त्यांना विचारले की पिन टाकताना पडद्यावर काय लिहिलेले होते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पैसे द्या, असेच लिहिले होते. रक्कम होती, नाव होते, मी वाचलेसुद्धा. पण तो बोलत होता ना.” हे शेवटचे वाक्य मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. फोन पूर्ण वेळ स्पीकरवर होता आणि पलीकडचा आवाज एक क्षणही थांबत नव्हता: आता हे दाबा, आता ते दाबा, साहेब रागावतील, गाडी निघाली आहे. आयुष्यभर नोटेला नुसता अंगठा लावून खोटी नोट बाजूला काढणारा हा माणूस अजागळ नव्हता. त्याच्या डोळ्यांना दिसत होते ते मनापर्यंत पोहोचण्याआधीच कानांवर नवी सूचना आदळत होती. फसवणुकीचे हेच तंत्र आहे आणि त्यात शिक्षण, वय किंवा पूर्वीची नोकरी यांचा आधार फार काळ टिकत नाही.

यूपीआय आपल्याकडे २०१६ साली आले आणि तेव्हापासून त्याचा एक नियम बदललेला नाही: पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे जाण्यासाठी किंवा शिल्लक बघण्यासाठी. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, दुसऱ्याचा कोड स्कॅन करावा लागत नाही आणि कोठलाही दुवा उघडावा लागत नाही. पूर्वी ठग पैशाची विनंती पाठवूनही रक्कम ओढत असत. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा विनंतीची सोय यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर कोडचा मार्ग मात्र खुलाच आहे, कारण तो कोड दुकानात रोज लाखो लोक योग्य कामासाठीच वापरतात. आपण विकणारे असू तर कोड आपला असला पाहिजे आणि स्कॅन समोरच्याने केला पाहिजे, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

हा नियम काकांना नंतर तोंडपाठ झाला, पण त्यांची झोप परत यायला तेवढे पुरेसे नव्हते. शरमेने त्यांच्याकडून तीन गोष्टी करवल्या होत्या आणि त्या सांगताना त्यांचा आवाज अधिकच खाली जात होता. एक म्हणजे त्यांनी त्या माणसाशी झालेले सगळे संभाषण फोनमधून पुसून टाकले होते, कारण ते काकूंच्या नजरेस पडू नये. दुसरे म्हणजे त्यांनी आपल्या बँकेला कळवले नव्हते. तिथे ओळखीचे लोक होते. आणि तिसरे, त्यांनी १९३० या क्रमांकावर फोन केला नव्हता.

या तिसऱ्या गोष्टीविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच सर्वाधिक नुकसान होते. १९३० हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि मग रोखीने बाहेर असे फिरत असतात. ते बाहेर पडण्याआधी तक्रार पोहोचली तर मधल्या बँकेला ती रक्कम रोखून धरता येते. म्हणून पहिल्या तासाचे मोल फार मोठे. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका बाईंनी, मुलीची सायकल विकताना असेच ९,००० रुपये गेल्यावर, वीस मिनिटांत फोन केला होता आणि त्यांच्या रकमेचा मोठा भाग अडवला गेला, पुढे परतही मिळाला. त्या काकांपेक्षा हुशार होत्या असे मुळीच नाही. पैसे गेल्याचे लक्षात आले तेव्हा त्या कार्यालयात होत्या आणि त्यांनी शेजारच्या सहकारी मैत्रिणीला ते लगेच सांगितले, एवढाच काय तो फरक. फोन करताना रक्कम, वेळ, आपल्या बँकेचे नाव, व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि समोरच्याचा मोबाइल क्रमांक हाताशी असावा. संभाषण, फोटो, कोड यांतले काहीही पुसू नये.

आपल्याच हाताने पिन टाकला, आता बँकेला कोणत्या तोंडाने सांगणार, असा काकांचा प्रश्न होता. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचे उत्तर आहे: ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याला अर्थ आहेच. मी त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-डी ही वाचून दाखवले. संगणकीय साधन वापरून तोतयेगिरीने फसवणाऱ्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ते ऐकून काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “म्हणजे गुन्हा त्याचा आहे.” गेले १९ दिवस ते स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेत होते.

त्याच आठवड्यात माझ्या खोलीत, माझ्या समोर, त्यांनी काकूंना सगळे सांगितले. काकूंनी आधी रकमेचा आकडा दोनदा विचारला, मग जरा रागानेच म्हणाल्या, “अहो, मला वाटले तुम्हाला काही आजार निघाला आहे आणि तुम्ही लपवताय.” त्या ४८,००० पेक्षा किती मोठ्या भीतीत त्या एकट्या दिवस काढत होत्या, हे काकांना तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून पोलीस ठाण्यात गेले आणि तक्रार नोंदवून आले. उशीर झाल्याने पैसे तोवर काढून घेतलेले होते आणि ते आजही परत आलेले नाहीत. तसे ते येतील अशी आशा मी त्यांना दाखवली नाही. ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ असे सांगणारे फोन येऊ शकतात आणि तीही फसवणूकच असते, हे मात्र बजावून सांगितले. महिनाभरात असा एक फोन आलाच.

मग उरला टेबलाचा प्रश्न. काकांचे म्हणणे होते की ते फुकट देऊन टाकावे. मला ते योग्य वाटले नाही, कारण टाळलेली गोष्ट मनात वाढत जाते. म्हणून आम्ही सराव केला. मी शेजारच्या खोलीतून त्यांना गिऱ्हाईक बनून फोन करत असे आणि त्यांनी मला नकार द्यायचा. पहिल्या खेपेला मी नुसते ‘काका, जरा घाई आहे हो’ म्हटले आणि खोटे गिऱ्हाईक मीच आहे हे माहीत असूनही त्यांच्या तोंडून ‘बरं बरं, सांगा’ निघून गेले. आपल्याकडे फोन मध्येच ठेवणे हा उद्धटपणा समजला जातो आणि ठग नेमका त्या सभ्यतेचा फायदा घेतो. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांना स्वतःचे वाक्य सापडले: “मी आता फोन ठेवतो. पैशाचे काम मी बोलता बोलता करत नाही.” ते वाक्य त्यांनी पाकिटात कागदावर लिहून ठेवले.

बाकीच्या सावधगिरीत आम्ही फार वेळ घालवला नाही, तरी ती इथे सांगते. ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट किंवा बँकेचा वाटावा असा संदेश बनवणे सोपे असते, म्हणून पैसे आले की नाही ते फक्त आपल्या खात्याची शिल्लक पाहून ठरवावे. चुकून जास्त पाठवले, फरक परत करा, असे कोणी म्हटले तर आधी ते जास्तीचे खरोखर आले आहेत का ते बघावे. मदतीच्या नावाखाली आपल्या फोनचा पडदा समोरच्याला दिसेल असे कोणतेही ॲप उतरवू नये आणि ओटीपी सांगू नये. माल बघायला येणाऱ्याला दिवसाउजेडी, घरात आणखी कोणी असताना बोलवावे. वस्तू जुना मोबाइलच असेल तर त्यातली सगळी माहिती पुसून, खात्यांतून बाहेर पडून मगच तो द्यावा.

काकांनी पुन्हा जाहिरात टाकली. या वेळी त्यात ‘टेबल प्रत्यक्ष पाहून, माल नेताना पैसे’ असे लिहिले. आलेल्या फोनांपैकी दोघे आगाऊ रक्कम पाठवायला फारच उत्सुक होते. काकांनी आपले वाक्य म्हटले आणि फोन ठेवला. शेवटी नाशिकरोडहून एक तरुण जोडपे टेम्पो घेऊन आले, खुर्च्या हलवून पाहिल्या, घासाघीस करून १०,५०० वर आले. काकांनी आपला कोड त्यांच्यासमोर धरला. तरुणाने पैसे पाठवल्याचे सांगितले, फोनचा पडदाही दाखवला, पण काकांच्या खात्यावर ते लगेच दिसेनात. “दिसेपर्यंत थांबावे लागेल,” असे त्यांनी सांगितले, आणि सांगताना आपले हात थरथरत होते असे मला नंतर कळवले. त्या मुलाला त्यात काहीच वावगे वाटले नाही. काकूंनी चहा ठेवला, चौघे त्याच टेबलाभोवती बसले, आणि चहा अर्धा झाला तेव्हा रक्कम जमा झाल्याचे काकांना दिसले. मग त्यांनी टेम्पोवाल्याला वर बोलावले आणि टेबलाचे एक टोक स्वतः धरले.