ग्रीन ओनियन्स: हिरवे कांदे की कांद्याची पात?

विचारणा अशी आहे: एका अनुवादात 'ग्रीन ओनियन्स' या गाजलेल्या वाद्यरचनेचं नाव 'हिरवे कांदे' असं छापलंय. ते बरोबर का? आणि या सुरावटीचा कांद्याशी संबंध काय?

पहिलं उत्तर सोपं. मंडईत 'हिरवे कांदे' कुणी मागत नाही. आपण कांद्याची पात किंवा पातीचा कांदा म्हणतो. खरी गंमत 'ग्रीन'च्या जागी आधी काय सुचलं होतं, त्यात आहे.

१९६२ सालचं अमेरिकेतलं मेम्फिस शहर. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ एका जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेला. एका रविवारी ठरलेलं रेकॉर्डिंग बारगळलं आणि वादक आपसात वाजवत बसले. मालक जिम स्टुअर्टनं ते टेप केलं. निघाला एक संथ ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचा एक प्रकार), 'बिहेव्ह युअरसेल्फ'. तबकडीला दुसरी बाजू तर हवी! मग सतरा वर्षांच्या बुकर टी. जोन्सनं हॅमंड ऑर्गनवर आपली एक सुरावट काढली. बारा मात्राखंडांचा साधा ब्लूज. ऑर्गन खाली दबक्या पावलांनी चालतो आणि स्टीव्ह क्रॉपरची गिटार मध्येच चावते.

बुकर टी.नं पुढे सांगितलं की बास वाजवणाऱ्याला, म्हणजे लुई स्टाइनबर्गला, हे इतकं 'फंकी' वाटलं की नाव 'फंकी ओनियन्स'च ठेवू म्हणाला. ते फारच हलक्या दर्जाचं वाटल्यानं 'ग्रीन' आलं. (नाव एका मांजराचं होतं अशीही कथा फिरते. मला कांद्याचीच पटते.)

हलक्या दर्जाचं का? तर 'फंक' म्हणजे मुळात उग्र दर्प. सतराव्या शतकात तंबाखूच्या धुराचा, पुढे घामाचासुद्धा. जॅझवाल्यांनी तोच शब्द कौतुकाला लावला: अंगाचा वास येईल इतकं अस्सल. आपल्याकडे 'बेक्कार भारी' म्हणताना 'बेकार' असाच उलटा फिरतो. कांदा उग्र, सुरावटही उग्र. 'ग्रीन' घातल्यावर हा धागा तुटला आणि नाव कोड्यासारखं उरलं.

मे महिन्यात दुसऱ्या बाजूला लपलेली ही चीज ऑगस्टमध्ये मुख्य बाजू म्हणून पुन्हा निघाली, रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली आणि बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या पॉप यादीत तिसरी आली.

अनुवादकानं नाव 'ग्रीन ओनियन्स'च ठेवावं. अर्थ द्यायचाच तर एकदा 'कांद्याची पात' म्हणावं आणि 'फंकी'ची हकिकत तळटीपेत घालावी.